गिऱ्हाइकाचा पाळणा

१

अंबडच्या कोर्टाच्या रस्त्यानं जाताना वकिलांच्या जेवढ्या पाट्या दिसत, त्यांतल्या बहुतेक वामन पेंटरच्या हातच्या. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी विचारायची वाटही बघायचा नाही. माणूस कामाला पक्का, जिभेला सैल आणि सवयींच्या बाबतीत एकदम हट्टी. सकाळी उठलं की चहाच्या आधी ओसरीवर यायचं, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले ब्रश काढायचे, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसायचे, अंगठ्यावर त्यांचे केस फिरवून बघायचे. मग चहा. घरात मयत झालं तरी हा क्रम चुकायचा नाही, असं त्याची बायको गिरिजाबाई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या साली सरकारनं गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढायचं काम काढलं होतं. वामनला भोकरदनकडची गावं मिळाली. भिंतीवर आई काढायची, बाप काढायचा, दोन गुटगुटीत लेकरं काढायची. चित्र झकास जमायचं, पण शिडीवरून उतरल्यावर त्या लेकरांकडं वळून बघायचं तो दर वेळी टाळायचा.

कारण त्याची एकुलती एक लेक शिवकन्या. धावड्याला दिलेली. तिचं पहिलं पोटातच गेलं. दुसरं जन्माला आलं, चांगलं रडलं, टोपड्यात गोडही दिसलं, आणि सव्वा महिन्याच्या आतच गेलं. आता तिसऱ्या खेपेला जावई संपत तिला सातव्या महिन्यातच माहेरी सोडून गेला होता. तो बिचारा खाली मान घालून होता. पण त्याच्या आईनं शिवकन्येला निघताना सांगितलं होतं, की या वेळी रिकाम्या हातानं यायचं असेल तर धावड्याची एस.टी. धरूच नकोस.

पिंपळगाव रेणुकाईत एका घराच्या भिंतीवर त्रिकोण काढता काढता वामनला गोठ्याच्या माळ्यावर पालथा पडलेला पाळणा दिसला. सागवानी होता. दोन बाजूंना उभे खांब, वर आडवी दांडी, आणि तिला कड्यांनी टांगलेला पाळणा. रंग पार उडालेला, पण लाकूड बघून वामनचा हात शिवशिवला. त्यानं नुसतं विचारलं, तर घरमालक म्हणाला, "घेऊन जा." पैशाचं नावही काढलं नाही. उलट स्वतः खांद्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आला, टपावर चढवला, दोरीही त्यानंच आवळली. त्याची बायको मात्र आतून दार लावून बसली होती. वामनला वाटलं, असतील भांडलेले नवराबायको.

२

"हे काय आणलं?" गिरिजाबाई दारातच आडवी आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

"पाळणा हाय. दिसत न्हाई का?"

"ते दिसून राह्यलं मला. कुणासाठी?" शेवटचा शब्द तिनं एकदम हळू विचारला, कारण आत शिवकन्या पडली होती.

आता लेकरू जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी घरात चिंधीसुद्धा आणायची नाही, ही रीत वामनला काय ठाऊक नव्हती? मागच्या वेळी संपतनं हौसेनं भोकरदनच्या बाजारातून आधीच अंगडं आणलं होतं, आणि पुढं जे झालं त्याचं सगळं खापर गिरिजाबाईनं त्या अंगड्यावर फोडलं होतं. पण वामन पडला पेंटर. त्याचा हिशेब वेगळा. तेलाचा रंग थंडीत लवकर वाळत नाही. वाळला तरी वास जात नाही. तान्हं लेकरू त्या वासात निजवायचं का? म्हणजे लेकरू यायच्या आधीच पाळणा रंगवून, उन्हात ठेवून, वास घालवून तयार पाहिजे. रीत म्हणते आधी आणू नको, रंग म्हणतो आधी लाव. वामननं रंगाचं ऐकलं.

पण हे बायकोला कसं सांगणार? तो सहज बोलून गेला, "गिऱ्हाइकाचा हाय."

"कोणतं गिऱ्हाईक?"

"पिंपळगावचं. रंग देऊन परत न्यायचाय त्यांना."

"लेकरू झालंय त्यांना?"

"झालंय की," वामन म्हणाला. "न झालेल्या लेकराचा पाळणा कोण रंगवतंय?"

गिरिजाबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आतून शिवकन्या भिंतीला धरत बाहेर आली, पाळण्याकडं बघत उभी राहिली. पुष्कळ दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं. "कुणाचं का असंना," ती म्हणाली, "लेकराचं काही घरात आलं की बरं वाटतं." ते ऐकून वामनला आपण थाप मारली याचं भारी समाधान वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं पाळणा ओसरीवर घेतला. कॉस्टिकचं पाणी लावलं, रंग फुगून वर आला की पत्रीनं खरवडायचं. वर हिरवा होता. हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली तांबडा, त्याच्याखाली पुन्हा हिरवा. वामन खूश झाला. जुन्या लाकडावर असे थर निघतातच, म्हणजे घरात लेकरं येत गेली आणि दर लेकराला नवा रंग मिळत गेला.

उशाकडच्या आडव्या पट्टीवर मात्र पत्री अडकली. तिथं लाकूड नव्हतं, लांबी होती. म्हणजे खडूची पूड अळशीच्या तेलात मळून खड्ड्यात भरतात ती. कुणीतरी बेमालूम भरली होती. वामननं मनातल्या मनात त्या अनोळखी कारागिराला शाबासकी दिली आणि पत्रीचं टोक घालून ती उचकटली. खाली दातांच्या खुणा होत्या.

त्याला हसूच आलं. दात यायला लागले की लेकरं सापडेल ते चावतात. शिवकन्येनं लहानपणी त्याचे दोन ब्रश चावून वाया घालवले होते. वर चार दात, खाली दोन, आणि वरचा एक किंचित तिरका. त्या खुणा मात्र लाकडात नव्हत्या, आधीच्या लांबीत होत्या. त्यानं तीही काढली. तिच्याखाली तशाच खुणा, पुन्हा लांबीत. म्हणजे कुणी भरलं, ते चावलं, पुन्हा भरलं, पुन्हा चावलं. एकेका रंगाखाली एकेक थर. अगदी तळाशी, उघड्या सागवानावर, खुणा होत्याच.

सगळ्या थरांत वरचा तो दात तिरकाच होता.

वामननं पत्री खाली ठेवली. मग त्यानं स्वतःची समजूत काढली. एका घरातली लेकरं, एका वळणाची असायचीच. आजाचं नाक नातवाला येतं तसे दातही येत असतील. पण एक गोष्ट त्याला काही केल्या पटेना. लेकरू वाढतं. पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत किती वर्षं गेली असतील, आणि तोंड मात्र तेवढंच्या तेवढंच राहिलं होतं. "असंल बाबा," तो मोठ्यानं म्हणाला, आणि खडूची पूड चाळायला घेतली.

४

लांबी त्यानं तबियतीनं भरली, वरून बोटानं सारखी केली आणि पाळणा भिंतीकडेला ठेवला. सकाळी ब्रश पुसले, अंगठ्यावर फिरवले, आणि नेहमीप्रमाणे चहाला आत जाता जाता सहज पट्टीकडं नजर गेली.

ओल्या लांबीत दात उमटले होते. वर चार, खाली दोन.

शेजारच्या केशरबाई तेव्हाच ताकाचं गाडगं घेऊन आल्या होत्या. अर्ध्या अंबडची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली, त्यामुळं कुणाच्याही घरात बिनधास्त शिरायच्या आणि कुणालाही काहीही बोलायच्या. वामननं त्यांना पट्टी दाखवली.

"उंदीर," त्या म्हणाल्या. "अळशीच्या तेलावर उंदीर जीव टाकतो रे. एवढं वय झालं अन् उंदराला घाबरून राह्यला का वामना?"

"घाबरतंय कोण? मी बी उंदीरच म्हणून राह्यलो."

आणि खरंच, त्याला बरं वाटलं. उंदीरच. दुसरं कोण असणार? त्यानं पट्टी पुन्हा भरली आणि शेजारी पिंजरा लावला, आत तेलाचं बोट लावलेला भाकरीचा तुकडा. सकाळी पिंजरा उघडाच होता. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. पट्टीवर दात होते.

मग वामननं दुपारी ओसरीवरच पथारी टाकली. काम करणारा माणूस दुपारी आडवा होतो, त्यात काय एवढं? डोळा लागतो न लागतो तोच त्याला आवाज ऐकू आला. कुर्र, कुर्र. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. थांबला की लाळ गिळल्यासारखा एक बारीकसा घुटका ऐकू यायचा. डोळे उघडावे असं त्याच्या मनात आलं. पण उघडून उंदीर दिसला नाही तर, या विचारानं त्यानं ते आणखी गच्च मिटले. उघडले तेव्हा ऊन ओसरीवरून निघून गेलं होतं आणि धोतर घामानं भिजलं होतं.

५

पाळण्याच्या कड्या कुरकुरतात का ते बघायला वामननं तो टांगला आणि झोका दिला. हजार वेळा केलेलं काम. गिरिजाबाई आतून धावतच आली.

"अवो, रिकामा पाळणा हलवता? आन् तो बी लोकाच्या लेकराचा? काही जनाची न्हाई तर मनाची?"

ती तशीच स्वयंपाकघरात गेली, पाट्यावरचा वरवंटा धुऊन आणला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. बारशाला बायका वरवंट्याला लेकरासारखं नटवून पाळण्यात घालतातच, त्यामुळं तिला त्यात काही नवल वाटलं नाही. रिकामा ठेवायचा नाही म्हणजे झालं. चटणी वाटायची असली की वरवंटा न्यायचा, धुऊन पुन्हा आणून ठेवायचा, असं तिनं ठरवूनच टाकलं.

वामननं मात्र एक गोष्ट पाहिली होती. रिकामा पाळणा झोका दिला की भराभर झुलतो आणि लवकर थांबतो. आत लेकरू असलं की तो संथ जातो, संथ येतो. कारागिराला हे डोळे मिटूनही कळतं. वरवंटा आत यायच्या आधी, रिकामा असताना, हा पाळणा संथ झुलला होता.

त्या दिवसापासून शिवकन्या पाळण्यापाशी येऊन बसायला लागली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती बापाला विचारत राहायची.

"आबा, त्यांचं लेकरू केवढं हाय?"

"हाय लहानच."

"तुम्ही पाह्यलं?"

"पाह्यलं की."

"दात आले का त्याला?"

वामन तेव्हा पट्टीच भरत होता. बोटाखाली त्या खुणा होत्या. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आलेत. वरचा एक तिरका हाय."

ती खळखळून हसली. किती महिन्यांनी हसली असेल! वामननं मात्र पट्टीवरून बोट काढून घेतलं. खरं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण सांगणार काय? की गिऱ्हाईक नाही, लेकरू नाही, हा पाळणा मी तुझ्याचसाठी आधीच घरात आणून ठेवलाय? ते ऐकून पोरीनं धसका घेतला, तिला काही कमीजास्त झालं, तर? तो पुन्हा पट्टी भरायला लागला.

त्या संध्याकाळी जेवताना शिवकन्येनं चटणी तोंडात घातली आणि हात थांबवला. "माय, चटणीला दुधाचा वास येऊन राह्यला."

"तुला सगळ्यालाच वास येतो आता," गिरिजाबाई म्हणाली.

वामननंही चटणी चाखली. कच्च्या दुधाचा वास येत होता.

६

अस्तराचा हात मारला, मग रंगाचा पहिला हात, मग दुसरा. वामननं तांबडा रंग घेतला होता, कडेला पिवळी वेल, उशाला दोन पोपट. पट्टीवर रंगाचा थर बसला तसे दात उमटायचे थांबले, आणि त्याला वाटलं, चला, सुटलो. खोटं कशाला बोलावं, पाळणा असा दिसत होता की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा.

दुसरा हात ओला असतानाच आतल्या बाजूच्या फळीवर पंजा उमटला. इवलासा, पाची बोटं पसरलेली. आधी वामन शिवकन्येवर ओरडला, मग तिचा हात बघून स्वतःच ओशाळला. मग त्यानं मांजरावर आळ घेतला. मांजराला अंगठा नसतो हे त्यालाही कळत होतं, पण त्या दिवशी त्याला मांजर हवं होतं. त्यानं पंज्यावरून ब्रश फिरवला. त्या जागेला रंग धरेना, पाण्यावरून ओघळावा तसा बाजूला सरकायचा.

तेव्हा त्यानं ठरवलं, हे घरात नको. उद्या सकाळच्या एस.टी.नं पाळणा पिंपळगावला नेऊन टाकायचा. गिऱ्हाइकाचाच आहे, कुणी विचारणारही नाही. थापसुद्धा खरी होईल. त्यानं दोरीही काढून ठेवली.

पण शिवकन्येचे दिवस भरले होते, सकाळी ब्रश पुसायच्या आतच तिला कळा सुरू झाल्या. मग कसला पिंपळगाव आणि कसली एस.टी.! केशरबाई आल्या, पाणी तापलं, वामन ओसरीच्या पायरीवर उकिडवा बसून होता. ज्या देवांची नावं त्याला येत होती ती सगळी त्यानं घेतली. उन्हं ओसरीवर आली आणि आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"मुलगा!" केशरबाई पदरानं कपाळ पुसत बाहेर आल्या. "काळजी करू नको वामना, लई जिगरीचं हाय. माझं बोट असं धरलंय की सोडंना."

वामन आत गेला. लेकराचं तोंड रडून लालबुंद झालं होतं. त्यानं बोटानं हळूच खालचा ओठ ओढून बघितला, मग वरचा. नुसत्या गुलाबी हिरड्या होत्या. वामन पेंटर भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखा रडला.

७

बारशाला संपत आला, त्याची आई आणि बहीण आली. म्हातारीनं नातवाला मांडीवर घेतलं आणि शिवकन्येवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सगळं मनासारखं झालं होतं. आता पाळणा कुठून आणायचा, असा विषय निघाला, तेव्हा गिरिजाबाई म्हणाली, "अवो, तो गिऱ्हाइकाचा हाय की तयार. एका दिवसासाठी वापरला तर ते काय खाऊन टाकतेत का?"

लेकरू झालं होतं, धोका टळला होता, आता खरं बोलायला काय हरकत? आणि आजवर झालं ते उंदीर, मांजर आणि काळजीनं फिरलेलं डोकं, दुसरं काय? वामन हसत म्हणाला, "आगं, गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही न्हाई. मी आपल्या नातवासाठीच आणल्ता. तुम्ही बायका भांडचाल म्हणून थाप मारली."

बायका हसल्या. गिरिजाबाईनं त्याला सगळ्यांदेखत चार शब्द सुनावले. शिवकन्या तेवढी हसली नाही.

"मंग आबा, त्यांचं लेकरू कशात निजंल?"

"आगं येडे, लेकरूच न्हाई."

"दात हायेत ना त्याला," ती म्हणाली. बाळंतिणीचं बोलणं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

पाळणा माजघरात आला. गिरिजाबाईनं एकाच तांबड्या खणाच्या दोन कुंच्या शिवल्या होत्या, एक नातवाला आणि एक वरवंट्याला. वरवंट्याला काजळाचे डोळेही काढले होते. एक बाई पाळण्याच्या वरून वरवंटा द्यायची, दुसरी खालून घ्यायची, असं चाललं होतं, आणि खिदळणं नुसतं उतू जात होतं. केशरबाईंच्या हातात वरवंटा आला तशा त्या थबकल्या. दारात उभ्या असलेल्या वामनला त्यांचं तोंड दिसलं.

"काय झालं मावशी?"

"काही न्हाई," त्या म्हणाल्या, आणि वरवंटा जल्दीनं पुढच्या बाईच्या हातात दिला. मग आपले तळवे त्यांनी लुगड्याला पुसले.

शेवटी वरवंटा आणि लेकरू दोघं शेजारी शेजारी निजवले. आत्यानं कानात नाव सांगितलं. बायकांच्या गर्दीतून वामनला फक्त दोन तांबड्या कुंच्या दिसत होत्या. पाळणा संथ झुलत होता. नातू नाव ठेवताना रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो रडला नाही, किती शहाणं लेकरू म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

८

घुगऱ्या वाटून झाल्या. संपत, त्याची आई आणि बहीण एस.टी. गाठायला गेले, केशरबाई न जेवताच गेल्या. दुपारचं घर एकदम रिकामं झालं. वामन ओसरीवर रंगाचे डबे निथळायला वाळूत पालथे घालत होता. स्वयंपाकघरात गिरिजाबाईनं पाटा खाली पाडल्याचा आवाज आला. पाहुण्यांच्या गोडाधोडानं तिच्या तोंडाची चव गेली होती, चटणी वाटते म्हणाली होती.

"आबा."

शिवकन्येचा आवाज मोठा नव्हता, पण वामन उठून आत गेला. ती भिंतीला टेकून बसली होती, लेकरू पदराखाली. तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"हे चावलं, आबा."

"आगं, बारा दिवसांचं लेकरू कसं चावंल? हिरडी लागली आसंल."

तिनं लेकराला बाजूला केलं. चोळीवर तांबडा ठिपका पसरत होता. लेकरू झोपेत होतं, तोंड किंचित उघडं. वामन खाली वाकला. त्याला नीट दिसायच्या आत ओठ मिटले. पण वरच्या बाजूला पांढरं दिसलं होतं, आणि त्यातलं एक तिरकं होतं.

"हे गिऱ्हाइकाचं हाय," शिवकन्या म्हणाली. तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं. तिला वेड लागलं नव्हतं, ती अगदी शांत होती. "तुम्ही तर पाह्यल्तं. आपलं कुठंय?"

वामनला सांगायचं होतं की पोरी, गिऱ्हाईक नाही, कधीच नव्हतं, लेकरूही नव्हतं, ते मीच तोंडानं जन्माला घातलं. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात पाट्यावर दगड टेकल्याचा आवाज झाला.

"गिरजे! थांब! थांब म्हणतो ना!"

तो कसा धावला ते त्यालाही कळलं नाही. गिरिजाबाई पाट्यापाशी वाकलेली, पाट्यावर मिरच्या आणि मीठ, बाजूला काढून ठेवलेली तांबडी कुंची. "अवो, झालं काय? घर डोक्यावर कामून घेतलं?"

त्यानं तिच्या हातातून वरवंटा काढून घेतला. तो ऊन होता.

"गरम पाण्यानं धुतला का?"

"न्हाई. आत्ता तर आणला पाळण्यातून."

त्या स्वयंपाकघरात ऊन येत नव्हतं. चूलही विझली होती. वामन दगड हातात घेऊन उभा राहिला. दगडच तो, काळा, टाकी लावलेला, लग्नात सासऱ्यानं दिलेला. खाली ठेवावा म्हणून तो वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला डावा तळवा आपोआप एका टोकाखाली गेला आहे, तान्ह्या लेकराची मान सांभाळायला जातो तसा. त्याला खाली ठेवता येईना.

तो तसाच माजघरात आला. शिवकन्येनं काही विचारलं नाही. तिनं मांडीवरचं लेकरू उचलून पाळण्यात निजवलं, दोन्ही हात पुढं करून वरवंटा घेतला, कुंची घातली, आणि पदर ओढला. मग हळूहळू मांडी हलवायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

गिरिजाबाई दारात येऊन उभी राहिली. "अवो, ही काय करून राह्यली? लेकरू तिकडं निजलंय ना? बोला की! तुमचं तोंड का शिवलंय?"

पाळणा संथ जात होता, संथ येत होता. त्यात आवाज सुरू झाला. कुर्र, कुर्र. मध्ये थांबायचा, मग बारीकसा घुटका.

गिरिजाबाई पाळण्याकडं निघाली, तर वामननं तिचा हात धरला. "जाऊ नको," तो म्हणाला. यापेक्षा जास्त त्याला काही सांगता आलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढं संपत विचारायला आला तेव्हाही नाही.

मग तो ओसरीवर गेला, खडूची पूड चाळून घेतली, त्यात अळशीचं तेल सोडलं आणि लांबी मळायला बसला. उशाकडची पट्टी भरावी लागणार होती.